आकाशी रंगातले तीन आकडे

रांजणगावच्या एमआयडीसीत, कारेगावच्या अंगाला, एका पत्र्याच्या दुमजली शेडमध्ये आमची कॅलिब्रेशनची लॅब होती. कॅलिब्रेशन म्हणजे काय, हे मला माहेरी कवठे येमाईला इतक्यांदा सांगावं लागलंय की आता तोंडपाठ झालंय. कंपन्यांमधली मोजायची हत्यारं खरं बोलतात का, हे आम्ही बघायचो. काटा असू दे, गेज असू दे, नाहीतर बोल्ट आवळायचा पाना असू दे, वर्षातनं एकदा तो आमच्याकडं यायचा. आम्ही तो आमच्या अचूक यंत्राला लावायचो, आकडे घ्यायचो आणि सर्टिफिकेट द्यायचो. एवढं फोड करून सांगितलं तरी आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, गावात सांगत फिरायचे, "पोरगी वजनकाट्याच्या हापिसात हाय." मी चिडायचे. आता म्हणते, सांगू द्या, काय बिघडतंय.

काम निम्मं यंत्रावर आणि निम्मं कॉम्प्युटरवर. प्रत्येक हत्याराचं सॉफ्टवेअरमध्ये एक टेबल असायचं. एका रकान्यात हत्यार काय म्हणतंय ते, दुसऱ्यात आमचं यंत्र काय म्हणतंय ते, तिसऱ्यात दोन्हीतला फरक. फरक मर्यादेत असला की सेल आपोआप हिरवा व्हायचा, काठावर आला की पिवळा, बाहेर गेला की लाल. नवीन होते तेव्हा लाल दिसलं की मी परत परत मोजत बसायचे. जसं काय मीच नापास झाले. मग कळलं की लाल सेल म्हणजे आपलं काम बरोबर झाल्याची खूण. हत्यार खोटं बोलत होतं आणि आपण पकडलं.

आता मुद्द्याचं सांगते. सॉफ्टवेअरचं लॉगिन सरांनी एकच घेतलं होतं. सर म्हणजे लॅबचे मालक. माणसं चार, लॉगिन एक. त्यामुळं कुणी आकडा बदलला तरी सॉफ्टवेअर म्हणणार, लॅबनं बदलला. आणि आकडे बदलावे लागतातच. कधी टाईप करताना बोट घसरतं, कधी हत्यार नीट बसलेलं नसतं आणि परत मोजावं लागतं. मग कुणी काय बदललं हे कसं कळायचं? त्यावर आमच्या ताईंनी एक शक्कल काढली होती. ज्यानं आकडा बदलला त्यानं त्या सेलला आपला रंग भरायचा. हिरवा-पिवळा-लाल सॉफ्टवेअरचे, ते सोडून बाकीचे आपले. ताईंचा जांभळा, त्या स्वतः मोजायच्या तेव्हापासूनचा. खालच्या मजल्यावर लांबी मोजायची हत्यारं बघणारे दोघं होते, त्यांच्यातल्या एकाचा राखाडी आणि एकाचा गुलाबी. गुलाबीवाल्या दादाला सगळे चिडवून बेजार करायचे, पण त्यानं कधी रंग बदलून मागितला नाही. माझा आकाशी.

तो मला ताईंनीच दिला होता. मी लागले त्या आठवड्यात त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, माऊस माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा घे. हा तुझा. दुसऱ्याच्या सेलला हात लावायचा न्हाई, आन् आपला रंग लपवायचा न्हाई. चुकलं तर चुकलं. रंग भरायचा आन् मोकळं व्हायचं." सर्टिफिकेट छापून निघताना हे रंग गळून पडायचे, कागद काळापांढराच. म्हणजे बाहेरच्या कुणाला त्याचा पत्ता नाही. नियमाच्या पुस्तकात पण ते कुठंच नव्हतं. ते आमचं आपापसातलं होतं, एकमेकांच्या शब्दावर चाललेलं.

ताईंबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. शिरूरला आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायच्या. नवरा गेलेला, लेक दौंडला दिलेली. रोज सकाळी त्यांची स्कूटी आमच्या दारात येऊन हॉर्न द्यायची आणि मी ओली वेणी तशीच बांधून मागं बसायचे. नगर रोडला कंपन्यांच्या बसगाड्या अंगावरून जायच्या, ताई त्यांना शिव्या घालायच्या आणि मी मागून हसायचे. दुपारी डबा एकत्र. माझ्या डब्यात लसणाची चटणी असली की त्या न विचारता उचलायच्या. माझं बाळंतपण अवघड झालं तवा माझ्या सासूबाईंच्या आधी दवाखान्यात ह्याच हजर होत्या. सव्वा महिन्यानंतर आईकडं असताना कामावर जायचं का नाही असं चाललं होतं, तर कवठ्याला येऊन आप्पांना म्हणाल्या, "मामा, हिला घरात बसवू नका. हात लई सरळ हाय हिचा." आप्पांनी ते वाक्य पुढं वर्षभर पाहुण्यारावळ्यांना ऐकवलं.

अशी बाई. मी तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, तर काय चुकलं माझं?

लॅबमध्ये मोजणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा, असा नियम असतो. मोजणाऱ्यानं आकडे घ्यायचे, बदलायचे झाले तर त्यानंच परत मोजून बदलायचे. मंजूर करणाऱ्यानं फक्त तपासायचं आणि सर्टिफिकेटवर सही करायची. त्यानं आकड्याला हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच. वरच्या मजल्यावर मी मोजायचे आणि ताई सही करायच्या. माप माझं, सही त्यांची. सर्टिफिकेटवर माझं नाव कुठंच यायचं नाही. सुरुवातीला मला त्याचं काही वाटायचं नाही. पण पुढं पुढं वाटायला लागलं. दिवसभर पान्याला लोंबकळून खांदे दुखायचे माझे, आणि खाली नाव दुसऱ्याचं. खोटं कशाला बोलू, मला ती सही पाहिजे होती. लई पाहिजे होती.

ती मिळायची वेळ आलीच होती. टॉर्क रेंचचं काम वाढलं होतं. टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना. तेवढा जोर लागला की तो 'टक्' करतो आणि कामगाराला कळतं, बास. सरांनी ठरवलं की टॉर्कच्या सर्टिफिकेटवर सही करायला माझं नाव द्यायचं. वर्षाला बाहेरून असेसर येतात, लॅब तपासतात. ते समोर बसवून प्रश्न विचारतात आणि मग सहीचा अधिकार देतात. सरांनी माझं नाव यादीत घालून पाठवलं. ताईंनी त्या दिवशी पेढे आणले. सगळ्यांना वाटले, एक माझ्या तोंडात स्वतःच्या हातानं कोंबला आणि म्हणाल्या, "आता मी म्हातारी सुटले." मी घरी जाऊन मालकांना सांगितलं. मालक म्हणजे माझा नवरा, रांजणगावातच एका कंपनीत शिफ्टला जातात. ते म्हणाले, "सही करायला मिळणार म्हणून एवढी नाचतीस व्हय?" मी म्हटलं, "नाचणार. तुला काय करायचंय?"

त्याच्यानंतर थोड्या दिवसांनी तो रेंच आला.

दौंडकडच्या एका कारखान्याचा होता. त्यांची गाडी न्हावऱ्यावरून आली होती आणि ड्रायव्हरला हत्यारं घेऊनच परत जायचं होतं. पाच-सहा रेंच होते, बाकीचे सगळे हिरवे गेले. हा एक मात्र हातात घेतल्याबरोबरच मला खटकला. रेंच वापरून झाला की त्याची स्प्रिंग ढिली करून ठेवायची असते. कामगार ठेवत नाहीत. आवळलेलाच टांगून देतात, मग स्प्रिंग थकते आणि जोर लागायच्या आधीच टक् वाजतं. तसंच झालं होतं. खालच्या जोराला बरोबर, वरच्या जोराला काठावर, आणि मधल्या जोराला तीन आकडे लाल. मी परत लावून बघितला. लालच. तसेच सेल ठेवले. ताईंना हाक मारून दाखवलं, "ताई, हा नापास हाय. स्प्रिंग गेली ह्याची. रिपेरला पाठवायला सांगा." ताई म्हणाल्या, "बरं, बघते." मी खाली दुसरा माल उतरवून घ्यायला गेले.

खाली ड्रायव्हर सरांच्या डोक्यावर बसला होता. "हमको रात से पहले पहुँचना है साहब, सब एक साथ दो," असं त्याचं चाललेलं. सर जिन्यात येऊन वर बघून ओरडत होते, "ताई, झालं का? ताई!" थोड्या वेळानं ताई सगळी सर्टिफिकेटं घेऊन खाली आल्या, हत्यारं गाडीत गेली, गाडी गेली. त्यात तो रेंच पण होता का, हे मी बघितलं नाही. कशाला बघीन? मी नापास सांगितला होता, म्हणजे बाजूला ठेवला असणार. एवढंच माझ्या डोक्यात. संध्याकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या घरी गेलो. वाटेत ताईंनी भेळ पण घेतली.

मध्ये काही आठवडे गेले. असेसर यायची वेळ जवळ आली होती आणि मी घरी स्वयंपाक करता करता प्रश्नांची उत्तरं पाठ करत होते. एके दिवशी सकाळीच सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ताई आधीच तिथं उभ्या होत्या. सरांच्या समोर स्क्रीनवर एक टेबल उघडलेलं होतं. सर म्हणाले, "दौंडच्या पार्टीची तक्रार आलीय. त्यांच्याकडं बोल्ट ढिले निघाले. त्यांनी रेंच दुसरीकडं तपासला, तर नापास. आणि आपण त्यांना पास म्हणून दिलाय. हे काय आहे?"

मी वाकून बघितलं. मधल्या जोराचे तीन आकडे. मी लाल सोडलेले तेच तीन. आकडे बदललेले होते. अगदी बेताचे, मर्यादेच्या आत बसतील एवढेच. आणि तिन्ही सेल आकाशी.

मला आधी काही सुधरलंच नाही. आपण केलं आणि विसरलो की काय, असं पण क्षणभर वाटलं, इतका तो रंग माझा होता. मग एकदम डोक्यात लख्ख झालं. म्हटलं, "सर, हे मी केलं नाही. मी तर हा नापास म्हणून सांगितला होता. ताईंना विचारा, त्यांना मी उभं करून दाखवलं होतं." आणि मी ताईंकडं बघितलं. मनात जरा पण शंका नव्हती. ताई बोलतील, सरांना सांगतील, आणि मग हे कुणी केलं ते आपण बघू. असंच वाटत होतं मला. तोपर्यंत 'ताईंनीच' हे डोक्यात आलंच नव्हतं. बघा केवढी शहाणी मी.

ताई स्क्रीनकडं बघत होत्या. म्हणाल्या, "मला तर ध्यानात न्हाई सर. मी आले तवा हे असंच होतं. मला वाटलं, हिनं परत मोजून दुरुस्त केलं. म्हणून मी सही केली." आणि खालच्या आवाजात, "रंग तर तिचाच हाय."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शिव्या येतात मला, भांडता येतं, बसवाल्याशी, भाजीवालीशी, सासूशी सुद्धा भांडते मी. पण त्या क्षणी मी नुसती स्क्रीनवरचे ते तीन सेल बघत राहिले. कारण आता सगळं उलगडलं होतं. आकडे बदलले ताईंनी. पण मंजूर करणारीनं आकड्याला हात लावायचा नसतो. जांभळा भरला असता तर त्यांची सही तिथल्या तिथं रद्द झाली असती. रंग न भरता सोडला असता तर सॉफ्टवेअरमधली बदलाची नोंद बघून कुणीतरी विचारलं असतं. मोजणारीचा रंग भरला की सगळं नियमात बसतं, तिनं परत मोजलं, हिनं सही केली. म्हणून आकाशी. घाईत, सर जिन्यातून ओरडत असताना सुद्धा बाईनं बरोब्बर रंग निवडला होता.

सरांना हे कसं पटवून देणार? लॉगिन एक. वेळ संध्याकाळची, आम्ही दोघी लॅबमध्येच. माझ्याजवळ काय होतं? माझा शब्द. आणि समोर त्यांचा शब्द, वीस-बावीस वर्षांच्या नोकरीचा. सर डोकं धरून म्हणाले, "तुझं नाव असेसमेंटच्या यादीतून काढावं लागणार. आता ह्या वेळी नाही." बास. एवढ्यात संपलं. मला वाटलं होतं, निदान ओरडतील.

त्या दिवशी घरी कशी गेले ते सांगते, कारण त्याचाच मला अजून राग येतो. मालकांची दुसरी पाळी होती. सहाआसनी रिक्षा त्या वेळेला भरून जातात, दिवेलागण झाली होती, घरी लेकरू वाट बघत होतं. ताईंनी गाडी काढली, मागं वळून म्हणाल्या, "बस." आणि मी बसले. बसले मी! त्यांच्या खांद्याला धरून शिरूरपर्यंत गेले. त्यांनी त्या दिवशी एकाही बसवाल्याला शिवी दिली नाही. घरापाशी उतरले तर म्हणाल्या, "सकाळी येते." मी दार लावून घेतलं आणि मग रडले. आधी नाही. त्यांच्या पाठीमागं बसून रडणार नव्हते मी.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊन कानाखाली वाजव. मी येतो संगं." मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "तसं नको. पण तू गप बसू नको." गप बसायचा माझा स्वभावच नाही. पण रात्रभर एकच गोष्ट मनात फिरत राहिली. मी ताईंच्या बाजूनं कारणं शोधत होते. घाबरल्या असतील. एकट्या बाईमाणसाला नोकरी गेली तर काय उरतं? लेकीच्या दारात दौंडला जाऊन बसायचं? आणि त्यांनी तीन आकडे बदलले तेव्हा त्यांना तरी कुठं माहीत होतं तक्रार येईल म्हणून? घाईत हात गेला असेल. असं मी माझ्याच मनाला समजावत होते. ज्या बाईनं माझा केसानं गळा कापला, तिची वकिली मीच करत होते.

पुढच्या आठवड्यात सरांनी तक्रारीचं उत्तर तयार केलं. लॅबला असं उत्तर द्यावंच लागतं, काय चुकलं, का चुकलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. सरांनी लिहिलं: कारण, मोजणाऱ्याची चूक. उपाय, मोजणाऱ्याला पुन्हा ट्रेनिंग. आणि ट्रेनिंग देणार कोण? तर ताई.

मला हसू आलं, खरंच. सर म्हणाले, "हसतेस काय? एक तासाचं ट्रेनिंग, शीटवर सही, विषय बंद. नोकरी राहतीय तुझी, अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, "सर, मी ट्रेनिंगला बसते. सहीचं मग बघू." त्यांना वाटलं मी नरमले.

दुपारच्या चहानंतर आम्ही चौघं वरच्या मजल्यावर बसलो. सर दारात उभे. ताई फळ्यापाशी. पांढऱ्या फळ्यावर त्यांनी टेबल आखलं होतं. बोलताना त्या फळ्याकडं बघत होत्या, नाहीतर गुलाबीवाल्या दादाकडं. माझ्याकडं नाही. "लाल आलं तर लाल ठेवायचं," त्या सांगत होत्या. "मनानं आकडा घालायचा न्हाई. पार्टी गेटवर उभी असली तरी न्हाई. सर ओरडले तरी न्हाई." सर दारात हसले. राखाडीवाले दादा मान हलवत होते. मी बघत होते आणि मला एकच वाटत होतं, ही बाई हे सगळं इतकं नीट कसं सांगू शकते?

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. म्हटलं, "ताई, एक विचारू? मोजणाऱ्यानं लाल ठेवलं आणि दुसऱ्याच कुणी आकडा बदलून त्याचा रंग भरला, तर काय करायचं?"

सर माझ्याकडं बघायला लागले. ताईंच्या हातातलं मार्कर फळ्यावर टेकलं होतं, तिथं निळा ठिपका मोठा होत चालला. मला वाटलं, आता. आता तरी बोलेल. सगळ्यांसमोर नको, पण नुसती मान खाली घातली तरी मला पुरे. खरं सांगते, तेवढ्यावर मी सगळं सोडून दिलं असतं.

ताईंनी मार्करला टोपण लावलं. म्हणाल्या, "असं आपल्यात कुणी करत न्हाई."

मी उठले, डब्याची पिशवी घेतली आणि जिना उतरून खाली आले. शीट टेबलावर तशीच राहिली. मागून सर काहीतरी बोलत होते. मी गेटपर्यंत पोचले तेव्हा ताई धावत आल्या, पायात लॅबच्या सपाता तशाच. त्यांनी माझा दंड धरला.

"अगं, थांब. सही कर आन् जा. शीट अपुरी राहिली तर असेसर खोदत बसतील. मग माझं काय व्हईल, तूच सांग."

"तुमचं काय होईल, ते तुम्ही बघा ताई. माझं झालं ते तुम्ही बघितलं का?"

त्या रडायला लागल्या. खोटं रडणं नव्हतं ते, मी ओळखते त्यांना. रडत रडतच म्हणाल्या, "तुझाच रंग घेतला, का ठावं हाय का? तू समजून घेशील म्हणून. दुसऱ्या कुणाचा घेतला असता तर त्यानं मला उभं ठेवलं असतं का? तू माझी हायेस म्हणून घेतला गं."

हे ऐकलं आणि मला सगळ्यात जास्त त्याच क्षणी लागलं. तोपर्यंत मला वाटत होतं, घाईत जो हाताला लागला तो रंग भरला. पण नाही. त्यांनी विचार करून माझा घेतला होता. मी माया लावली म्हणून घेतला. दवाखान्यात माझ्या उशाशी बसल्या, कवठ्याला येऊन आप्पांशी बोलल्या, त्या सगळ्यातून त्यांना हेच कळलं होतं की ही सहन करील. आणि अजून एक सांगते. त्या संध्याकाळी खाली येऊन नुसतं म्हणाल्या असत्या ना, "बाई, मी अडकले, कायतरी कर," तर मी सरांशी भांडले असते, ड्रायव्हरला चहा पाजून थांबवलं असतं, रेंच अडवून धरला असता आणि दोष माझ्या अंगावर घेतला असता. हसत घेतला असता. पण विचारलंच नाही मला.

मी दंड सोडवून घेतला. "ताई," म्हटलं, "तुमची मी होते. तुम्ही माझ्या कोण होता ते आज कळलं." आणि रस्त्याला लागले. त्या दिवशी रिक्षा लगेच मिळाली.

राजीनामा मी मोबाईलवरूनच पाठवला. आता कुरकुंभच्या अलीकडं एका कारखान्यात आहे, माल तपासायच्या खात्यात. शिरूरहून लांब पडतं, पण मालकांनी काही कुरकूर केली नाही. आप्पांना मी पूर्ण गोष्ट सांगितली नाही. ते अजून विचारतात, "तुझ्या त्या ताई बऱ्या हायेत का?" मी म्हणते, "बऱ्या असतील."

ताईंचा मला फोन आला नाही. मी पण केला नाही. पण एक गोष्ट कबूल करते, मी त्यांना मनातून पूर्ण काढून टाकलं नव्हतं. सकाळी गल्लीतून स्कूटीचा आवाज आला की अजून कान तिकडं जायचे. कधी वाटायचं, येईल एखाद्या दिवशी, दारात उभी राहील, म्हणेल चुकलं. आणि मी आत बोलवीन, न बोलवीन, पण ती आली तरी असेल.

मग सरांचा फोन आला. असेसमेंट होऊन गेलं होतं. अनुभवाचा दाखला तयार आहे, घेऊन जा, असं म्हणाले. आवाज मोकळा होता. म्हणाले, "छान झालं सगळं. दौंडच्या तक्रारीचं पण त्यांनी बघितलं, पटलं त्यांना. तू रागानं गेलीस खरी, पण जाताना त्या ट्रेनिंगच्या शीटवर सही करून गेलीस ते फार बरं केलंस. नाहीतर अडकलो असतो आम्ही."

मी म्हटलं, "कसली सही, सर? मी सही केली नाही."

"अगं असं काय करतेस? ताईंनीच आणून दिली मला शीट, दोन दिवसांनी. म्हणाल्या, तुझ्या घरी जाऊन घेतली. आल्या नव्हत्या का?"

आमच्या दारात कुणी आलं नव्हतं. सरांना नंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. मी ज्या सहीसाठी तिथं जीव टाकत होते, ती माझ्या नावाची सही आता त्या लॅबच्या फायलीत आहे, आणि ती म्हणते की चूक माझी होती आणि मला ताईंनी सुधारलं.

आकडे बदलले तेव्हा घाई होती म्हणून मी किती दिवस मनाला समजावत होते. ह्या वेळेला तर तिच्याकडं दोन दिवस होते.